राखणीचं फळ

ताकेयोच्या मोरीवरच्या खिडकीतून खाली बघितलं की पहिलं काय दिसायचं, तर धाकट्या जावेचं छप्पर. आणि नोव्हेंबर लागला की त्या छपराखाली टांगलेल्या पर्सिमनच्या माळा. सोललेली फळं, एका दोरीला दहा, अशा चाळीस दोऱ्या. सकाळचं ऊन पडलं की नव्या नवरीच्या अंगावर दागिने चमकावेत तशा चमकायच्या. यंदा ताकेयोनं खिडकीला जाड कागद चिकटवून बघितला. मग भांड्यांना उजेड पुरेना, म्हणून दोन दिवसांनी काढला. कागद निघाल्यावर माळा आणखीच डोळ्यांत भरल्या.

गाव म्हणजे डोंगराच्या घडीत अडकलेली अकरा घरं. त्यांतल्या सहा घरांतून धूर निघतो, बाकीची पाच बर्फाखाली वाकायची वाट बघत उभी आहेत. ताकेयोचं थोरलं घर, सगळ्यांत वर. नवऱ्याचा धाकटा भाऊ वेगळा निघाला तेव्हा त्याला खालच्या अंगाला जागा दिली, ते सुमिएचं घर. दोघे भाऊ गेले, जावा राहिल्या. ताकेयो अठ्ठ्याहत्तरची, सुमिए बाहत्तरची.

थोरल्या घरच्या अंगणातलं पर्सिमनचं झाड आजेसासऱ्यानं लावलेलं. फळ मोठं, पण तुरट असं की कच्चं चावलं तर जीभ टाळूला चिकटून बसते. ते सोलायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, टांगायचं, आठवड्यानं रोज हलक्या हातानं चेपायचं; महिन्याभरात त्यावर साखरेची पांढरी पूड धरते. हे सगळं सासूनं ताकेयोला शिकवलं. मग सुमिए सून होऊन आली, आणि त्याच वर्षी सासूनं थोरल्या झाडाची काडी कापून तिच्या अंगणात कलम बांधून दिलं. ताकेयोला विचारलंसुद्धा नाही. एकावन्न वर्षं झाली, पण ती काडी कापल्याचा आवाज ताकेयोच्या कानांतून गेलेला नव्हता.

बरं, झाड तेच, माती तीच, पाणी तेच. पण ताकेयोची फळं काळपट सुकायची आणि सुमिएची सोन्यासारखी. मोठ्या रस्त्यावरच्या बाजारात पाकिटावर सुमिएचा फोटो असतो, डोक्याला रुमाल बांधून हसतानाचा. दोन वर्षांपूर्वी टीव्हीवाले आले. त्यांच्यासाठी तिनं सासूचा एप्रन घातला. सासूचा एप्रन तिच्याकडे कसा गेला, हा आणखी एक प्रश्न ताकेयोनं आजवर तोंडातच ठेवलेला.

एकच गोष्ट सुमिएकडे नव्हती. राखणीचं फळ.

फळं उतरवताना थोरल्या घरी शेंड्यावरचं एक फळ झाडावरच ठेवतात. ते झाडाची राखण करतं, पुढच्या वर्षीचा बहार धरून ठेवतं. बर्फ पडला तरी ते तिथंच, मग कधीतरी पाखरं नेतात. सासूनं सांगितलं होतं, हा मान थोरल्या घरचा, धाकट्या घरानं सगळी उतरवावीत. सुमिएनं एवढ्या वर्षांत कधी ठेवलं नाही. ठेवलं असतं तर ताकेयोनं काठी घेऊन जाऊन पाडलं असतं.

यंदा डोंगरावर बीचच्या झाडांना बी धरलंच नाही. अस्वलांना खायला काही उरलं नाही, ती खाली आली. सप्टेंबरात एक देवळाच्या पायऱ्यांवर दिसलं. ऑक्टोबरात एकानं गेंझोच्या कोठारातली कोंड्याची पोती फोडली. आणि गेंझो म्हणजे शिकाऱ्यांच्या मंडळाचा म्होरक्या, त्यामुळे गाव आठ दिवस हसलं. पण पलीकडच्या खोऱ्यात अळंबी तोडायला गेलेल्या माणसाचं अर्धं तोंड अस्वलानं ओरबाडून नेलं, आणि हसणं थांबलं. गावचा भोंगा दिवसातून तीनदा ओरडायला लागला.

सभा भरली. नगरपालिकेच्या ऑफिसातून कुदोबाई आल्या, पोरसवदा, पण बोलायला नेटक्या. पहाटे आणि तिन्हीसांजेला घराबाहेर पडू नका. बाहेर पडलात तर घंटा किंवा रेडिओ बरोबर ठेवा, अस्वलाला आपला आवाज आधी कळला पाहिजे. मुळ्याच्या लोणच्याची पिंपं घरात घ्या. कोंडा, उष्टं-खरकटं उघड्यावर नको. आणि पर्सिमन सगळी उतरवा. एकही नको. ज्या झाडावर अस्वल चढलं, ते झाड तोडायचं, कारण एकदा चव लागली की ते वर्षानुवर्षं तिथंच येतं. ठरावावर सगळ्यांनी सहीऐवजी आपापल्या नावाचे शिक्के उठवले. ताकेयोचा शिक्का नवऱ्याचा, जुना, सगळ्यांहून मोठा. तिनं तो जरा जास्तच दाबून उठवला.

फळं उतरवायला शहरातून कॉलेजची मुलंमुली आली. आधी सुमिएकडे गेली. सुमिएनं त्यांना भाताचे मुटके आणि धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं वाढलं, त्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले, हसण्याचा आवाज वरपर्यंत आला. दुपारी ती चढ चढून ताकेयोच्या दारात आली तेव्हा ताकेयो दारातच उभी होती. धाकटीच्या अंगणातून उरलेले हात थोरल्या झाडाला लावायचे नाहीत, असं तिनं त्यांना सांगितलं. मुलांना काही कळलं नाही. वाकून नमस्कार करून ती निघून गेली.

मग तिनं एकटीनं फाट्याची बांबूकाठी काढली. तीन दिवस उतरवत होती. गुडघा शिडीवर चढू देईना, काठी शेंड्याला पोचेना. वरची तीसेक फळं राहिली. कुदोबाईंचा फोन आला तेव्हा तिनं सांगितलं की झालं सगळं. मनाला म्हणाली, एक ठेवतात तिथं तीस ठेवली. राखण तेवढी जास्त.

अस्वल आलं ते तिन्हीसांजेला. वरच्या मजल्यावर ती अंथरुणं काढत होती. फांदी मोडल्याचा आवाज झाला म्हणून बाहेर बघितलं, तर झाडात काळं काहीतरी बसलेलं. छातीवर पांढरा चंद्रकोरीसारखा पट्टा. फांद्या ओढून, मोडून बुडाखाली घेऊन बसलं होतं, माहेरी आलेल्या लेकीसारखं ऐसपैस. एक फळ चावायचं, अर्धं टाकायचं, दुसरं ओढायचं.

फोनच्या वर भिंतीवर कुदोबाईंनी मोठ्या आकड्यांत नंबर चिकटवून दिला होता. ताकेयोनं तो नंबर वाचला. पुन्हा वाचला. फोन केला की गेंझो येणार, त्याच्या मागून करवत येणार. थोरल्या घरचं झाड जाईल, आणि खाली सुमिएचं उभं राहील. पाहुण्यांना सांगतील, हे इथलं जुनं झाड. ताकेयोनं हात मागे घेतला. अस्वल तासाभरानं आपणहून उतरलं आणि देवदारांत गेलं.

सकाळी उजाडल्यावर, घंटा वाजवत, तिनं झाड बघितलं. बुंध्यावर नखांचे ओरखडे, पाच-पाच, ताजे, आतलं पांढरं लाकूड दाखवणारे. तिनं मोडक्या फांद्या न्हाणीच्या बंबात घातल्या. मग पेंढ्याची चटई आणली, बुंध्याभोवती गुंडाळली आणि दोरीनं आवळली.

दोरीची गाठ मारतेय तोच सुमिए मुळे घेऊन वर आली. कमरेला रेडिओ, त्यावर कुणीतरी लोकगीत म्हणत होतं. तिनं चटईकडे बघितलं.

"ताई, पर्सिमनला कुणी पांघरूण घालतं होय?"

"म्हातारं झालंय. थंडी वाजते त्याला."

सुमिएनं मान वर केली. "राखण पण भरपूर ठेवलीत यंदा."

"थोरलं घर आहे."

सुमिए हसली. तिचं ते हसणंच ताकेयोला सोसत नसे. त्यात खोट काढायला जागाच नसायची. यंदाची फळं चांगली धरलीत, सुमिए सांगत होती, आता चेपायला लागलेय, रोज सकाळी सहाला, ऊन यायच्या आधी चेपली तर साल तडकत नाही. तेवढाच वेळ बाहेर असते, रेडिओ लावून.

ताकेयोच्या जिभेवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं.

"रेडिओ मोठा लाव," ती म्हणाली.

सांगितलं ना मी, असं मग तिनं स्वतःला दिवसभर बजावलं. सुमिएनं आणलेले मुळे मात्र तिनं शिजवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. दरीतून वर येऊन घरांना चिकटून बसणारं. सहाला ताकेयो मोरीपाशी उभी राहिली. तांदूळ धुवायला, असं ती म्हणेल. खरं म्हणजे कान खालीच होते. रेडिओ ऐकू येईना. तिनं खिडकी उघडली. धुक्यात माळा दिसत होत्या आणि माळांपुढे कुणीतरी उभं होतं. काळं. हात वर करून. सुमिएच्या मानानं फारच रुंद.

ताकेयोनं सुमिएला फोन लावला. खाली घंटी वाजत राहिली, उचललं कुणी नाही. मग तिनं लोखंडी भातपात्राचं झाकण घेतलं, लोखंडी पळी घेतली आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. खाली उतरायचं नाही, तोंडासमोर जायचं नाही, हे कुदोबाईंचं सांगणं तेवढ्यातही तिला आठवलं. तिनं झाकण बडवायला सुरुवात केली. सुमिएचं नाव घेऊन ओरडली. ती लग्न होऊन आल्यापासूनच्या छप्पन्न वर्षांत त्या गावानं थोरल्या घरच्या बाईचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. अस्वलानं मान वळवली, चार पायांवर आलं आणि एक अख्खी माळ तोंडात धरून, मागे ओढत, गोठ्याच्या बाजूनं उतरून गेलं.

तेव्हा सुमिएच्या वरच्या मजल्याची खिडकी सरकली. सुमिए आतच होती. रेडिओचे सेल संपले, कपाटातले सापडेनात, शोधत बसली म्हणून बाहेर पडायला उशीर झाला. अस्वल दिसल्यावर फोन खाली, ती वर, जिना उतरायचा धीर होईना.

"ताई, आत जा तुम्ही," ती वरूनच म्हणाली.

ताकेयो आत गेली. झाकण जागेवर ठेवलं आणि मग तिनं आपल्या झाडाकडे बघितलं. वर फळं तशीच. दहाबारा खाल्ली असतील, बाकी तशीच. म्हणजे जनावरानं माझी चाखली, अर्धी टाकली, आणि खाली जाऊन धाकटीची माळेसकट नेली. अस्वलालासुद्धा धाकटीचीच गोड लागली. हा विचार मनात आला त्याची तिला लाज वाटली. पण आला.

आठ वाजता सुमिएच्या ओसरीवर गाव जमलं. गेंझो आणि नारिंगी जाकिटांतले दोघे शिकारी, कुदोबाई, खालच्या घरांतली माणसं. ताकेयोही जाऊन बसली. चहा झाला. सगळे सुमिएला विचारत होते, कसं दिसलं, केवढं होतं, घाबरलीस का. सुमिए दर वेळी सांगायची की ताईंनी झाकण बडवलं म्हणून गेलं, आणि दर वेळी लोक म्हणायचे, हो हो, आणि पुन्हा माळांकडे वळायचे. सहा माळा गेल्या होत्या, पाच तिथंच ओरबाडून, एक ओढून नेलेली. टीव्हीवाल्यांचा फोन येऊन गेला होता. दुपारी येतो म्हणाले. शेजारीण सुमिएला डोक्याचा रुमाल बदलायला सांगत होती.

कुदोबाई कागद भरत होत्या. प्रथम कुठं दिसलं, या ओळीवर त्यांनी सुमिएचं नाव घातलं.

गेंझो चहा फुंकत म्हणाला, "चोखंदळ जनावर. अख्ख्या खोऱ्यातून वास काढत सरळ सुमिएच्या फळांवर आलं. इथं काय, टोकियोतूनसुद्धा माणसं येतात त्यासाठी, अस्वल नाही येणार?"

लोक हसले. सुमिएनं मान खाली घातली, तीही लाजल्यासारखी हसली.

ताकेयोला फक्त गप्प बसायचं होतं. चटई घट्ट होती, फांद्या जळून गेल्या होत्या. वर उरलेल्या फळांचं काय, गुडघा दाखवला असता तर गेंझोनंच चढून उतरवली असती. झाड तिच्या एका गप्प बसण्यावर वाचत होतं. हे तिला कळत होतं, आणि कळत असतानाच तिनं तोंड उघडलं.

"सरळ नाही आलं. आधी माझ्याकडे आलं होतं. परवा संध्याकाळी. तासभर बसलं होतं माझ्या झाडावर."

कुदोबाईंनी कागदावरून मान वर केली.

"परवा?" गेंझोनं विचारलं. "वहिनी, परवा संध्याकाळी?"

"कान आहेत ना तुम्हाला, भावजी. परवा. थोरल्या घरचं झाड सोडून ते आधी इथं कशाला येईल?"

सुमिएनं पेला खाली ठेवला, अगदी हळू, आवाज न करता.

"काल सकाळी मी वर आले होते," ती म्हणाली.

"आली होतीस."

"सहाला बाहेर असते म्हणून सांगितलं मी तुम्हाला."

"सांगितलंस."

सुमिए उठली आणि आत गेली. आतून तिच्या चालण्याचा आवाज येत राहिला, या खोलीतून त्या खोलीत. ताकेयो तिथंच बसून राहिली. कुदोबाईंनी कागदावरचं नाव खोडून वर ताकेयोचं घातलं. पहिलं नाव तिचं झालं. ती त्या अक्षरांकडे बघत राहिली, आणि पहिल्यांदाच तिला ते नाव कुणीतरी पुसावं असं वाटलं.

गेंझो वर आला, त्यानं चटई सोडली आणि ओरखड्यांवर बोट फिरवलं. कुदोबाई चाचरत म्हणाल्या, "आजी, ठरावाप्रमाणे..." ताकेयोनं त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. ठरावावर शिक्का कुणाचा सगळ्यांत मोठा आहे ते बघ, म्हणाली, आणि आतून शिक्का आणून कागदावर उठवला. या वेळी दाबून नाही.

झाड दुसऱ्या दिवशी दहाला तोडलं. गेंझोनं आधी बुंध्यावर साके, तांदळाची दारू, ओतली आणि टोपी काढून वाकला. मग करवत लावली. बघायला गावातले होते तेवढे सगळे आले, सुमिए आली नाही. झाड पडलं ते अंगणभर, आणि शेंडा नेमका ताकेयोच्या पायाशी आला. शेंड्यावरचं फळ फुटलं नव्हतं. झाडावरच पिकून थंडीनं मऊ झालेलं, साल काचेसारखी, आतला गर दिसावा अशी.

छप्पन्न वर्षं ती ते फळ वर ठेवत आली होती. कधी हातात आलं नव्हतं. तिनं ते तोडलं, तिथंच उभी राहून सालीला भोक पाडलं आणि थोडा गर चोखला.

इतकं गोड असतं ते? आणि एवढी वर्षं पाखरांनी खाल्लं. पाखरांचासुद्धा तिला राग आला.

अर्धं खाऊन ती थांबली. मग पदरासारखं एप्रनचं टोक वर धरून त्यात उरलेलं घेतलं, कमरेला घंटा बांधली आणि चढ उतरून खाली गेली. एरवी खाली काही काम निघालं तर ती निरोप धाडायची. कालचा दिवस सोडला तर त्या ओसरीला तिचे पाय कित्येक वर्षांत लागले नव्हते.

सुमिए छपराखालच्या माळा काढून वरच्या मजल्यावर नेत होती. कुदोबाईंनी तसं सांगितलं होतं, आता बाहेर काही टांगायचं नाही. ताकेयोला बघून ती थांबली नाही.

"खाऊन बघ," ताकेयो म्हणाली.

"काय आहे?"

"राखणीचं."

सुमिएनं हातातली माळ खाली ठेवली. अर्ध्या फळाकडे बघितलं, मग ताकेयोकडे. शेवटी बोटानं गर काढून तोंडात घातला.

"गोड आहे."

"तुझ्यांपेक्षा?"

"माझी त्याच झाडाची आहेत, ताई." तिनं एप्रनला बोट पुसलं. "दोन दिवस गप्प बसलात तुम्ही."

"हो."

"त्यापेक्षा झाकण तरी बडवायचं नव्हतंत. मग मला नुसता राग धरून बसता आलं असतं."

ताकेयोनं एप्रनचं टोक झटकून खाली सोडलं. ती वळली, तेव्हा मागून सुमिए म्हणाली, आवाजात जरासुद्धा गोडवा न आणता, "फेब्रुवारीत मी काड्या छाटते. हव्या असल्या तर स्वतः येऊन न्यायच्या. मी वर आणून देणार नाही."

"बघू," ताकेयो म्हणाली.

चढ चढताना गुडघा ठणकत होता, घंटा वाजत होती. अर्ध्यावर दम खायला ती थांबली आणि तिथून सुमिएच्या अंगणातलं झाड बघितलं, सगळी फळं उतरवलेलं, उघडं, सरळ. थोरल्याच्या काडीचं. सासूनं तेव्हा विचारलं असतं, तर आपण नाहीच म्हटलं असतं. एवढं तिला पक्कं माहीत होतं. म्हातारीला तिच्याहून आधी माहीत असणार. म्हणूनच विचारलं नसेल. मेली म्हातारी.

संध्याकाळी ती भांडी घासायला मोरीपाशी उभी राहिली. खिडकीतून खालचं छप्पर दिसत होतं. त्याखाली माळा नव्हत्या, नुसते खिळे होते. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि तेही तिला आवडलं नाही.